इनामगावची मुले

शाळेच्या वेळापत्रकात इतिहासाचा तास संपला की घंटा होते आणि विज्ञानाचा तास सुरू होतो. वही बदलते, शिक्षक बदलतात. आरोग्याचा धडा आणखी तिसऱ्याच पुस्तकात असतो. ही विभागणी सोयीची आहे आणि तिच्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण कधी कधी एखादी वस्तू अशी समोर येते, की ती कोणत्या तासाला दाखवावी हेच कळत नाही.

अशी एक वस्तू आपल्या महाराष्ट्रातच सापडली आहे. जाडसर राखाडी रंगाची दोन मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. ती एका घराच्या जमिनीखाली खड्ड्यात पुरलेली होती आणि त्यांच्या आत एका तान्ह्या मुलाची हाडे होती. ठिकाण आहे पुण्याच्या पूर्वेला शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठावरचे इनामगाव. काळ सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. आणि हे मूल एकटे नव्हते. इनामगावच्या पांढरीत दोनशेहून अधिक दफने मिळाली. त्यांतली बहुतेक लहान मुलांची आहेत.

ही मुले का गेली? त्यांना खायला काय मिळत होते? त्यांना घरातच का पुरले? शेवटी ते गाव ओस का पडले? या चार प्रश्नांची उत्तरे एकाच शास्त्राकडे नाहीत. ती शोधण्यासाठी वेगवेगळ्या विद्याशाखांची माणसे एकत्र कशी आली आणि पुढे एकमेकांशी असहमत कशी झाली, त्याची ही हकीकत आहे.

संस्कृतच्या अभ्यासकाने उघडलेले दार

पुण्याच्या डेक्कन कॉलेजची परंपरा १८२१ साली सुरू झालेल्या पाठशाळेपर्यंत मागे जाते. १९३४ साली सरकारने हे महाविद्यालय बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध नेटाने लढा दिला आणि १९३९ साली ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. त्याच वर्षी तिथे रुजू झालेल्या प्राध्यापकांत हसमुख धीरजलाल सांकलिया आणि इरावती कर्वे ही दोन नावे होती.

सांकलियांचे शिक्षण संस्कृत, प्राचीन इतिहास आणि कायदा या विषयांतले. नालंदा विद्यापीठ हा त्यांच्या एम. ए.च्या प्रबंधाचा विषय होता. म्हणजे त्यांची सुरुवात ग्रंथांपासून झाली. पुढे लंडनला डॉक्टरेट करत असताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली त्यांनी प्रत्यक्ष उत्खननाचे धडे घेतले, आणि मातीचे थर वाचण्याची त्यांना गोडी लागली.

इरावतीबाईंची वाट वेगळी. त्यांनी बर्लिनमध्ये मानवशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. विषय होता माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधली असमानता. युरोपीय आणि इतर वंशांच्या लोकांत या बाबतीत फरक असावा, अशी त्यांच्या मार्गदर्शकांची अटकळ होती. बाईंनी कवट्या मोजल्या. मोजमापांत तसा फरक दिसला नाही आणि त्यांनी तसे लिहूनही टाकले. नात्यागोत्यांच्या रचनेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ चा आणि ‘युगान्त’ १९६७ चे. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून त्या आपल्या घराघरांत माहीत आहेत, पण हातात मोजपट्टी घेऊन हाडांपासून सुरुवात केलेल्या शास्त्रज्ञ म्हणून त्यांची ओळख विद्यार्थ्यांना करून द्यायला हवी.

गुजरातेत लांघणज येथे चाळीसच्या दशकात सांकलियांना दगडाची बारीक हत्यारे आणि त्यांच्याबरोबर मानवी सांगाडे सापडले. हत्यारे ओळखणे हे पुरातत्त्वज्ञाचे काम. हाडे ओळखायला मानवशास्त्रज्ञ हवा. तो शेजारच्याच विभागात होता. सांकलिया आणि कर्वे यांनी मिळून लिहिलेला लेख १९४९ साली अमेरिकेतल्या मानवशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मातीचे आणि वाळूचे थर तपासायला त्याच सुमारास लंडनहून फ्रेडरिक झॉयनर हे भूकालगणनेचे तज्ज्ञ आले. एका जागेवर तीन शास्त्रे काम करू लागली.

ही सवय पुढे टिकली. १९६१ साली डेक्कन कॉलेजने उत्खननांतून मिळालेल्या अवशेषांच्या तांत्रिक अहवालांचा एक छोटा ग्रंथ काढला. त्याच्या तीन लेखकांत ज्युलिएट क्लटन-ब्रॉक या प्राण्यांच्या हाडांच्या अभ्यासक होत्या, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतले विष्णू-मित्रे हे वनस्पतितज्ज्ञ होते आणि ए. एन. गुलाटी हे वस्त्रतंतूंचे जाणकार होते. गुलाटींनी तपासला तो नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात सापडलेल्या तांब्याच्या मण्यांचा दोरा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात कापूस आणि रेशीम दोन्ही दिसले. तीन हजार वर्षे दोरा कुजला कसा नाही? तांब्याचे क्षार जंतूंना मारक असतात. मणी गंजत गेले, त्यांचे क्षार धाग्यात उतरले आणि तेवढा धागा टिकला. रसायनशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पांढरीतले गाव

१९५०-५१ मध्ये संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे या गावी उत्खनन झाले. तिथल्या तांबूस, काळ्या नक्षीच्या, टिचकी मारली की खणखणणाऱ्या मडक्यांवरून महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या संस्कृतीला ‘जोर्वे’ हे नाव मिळाले. पण एखादे संपूर्ण गाव उघडून पाहावे, ही संधी मिळाली ती इनामगावला. १९६८ ते १९८३ या काळात म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी आणि सांकलिया यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन झाले. शंभराहून अधिक घरांच्या जमिनी उघड्या झाल्या.

थर तीन. सर्वांत खाली माळवा संस्कृतीचा, सुमारे इसवी सनापूर्वी १६०० ते १४००. त्यावर पूर्व जोर्वे, १४०० ते १०००. सर्वांत वर उत्तर जोर्वे, १००० ते ७००.

हे आकडे आले कुठून? चुलीतला कोळसा किंवा जळके लाकूड मिळाले की त्यातल्या कार्बन-१४ चे प्रमाण मोजता येते. झाड जिवंत असेपर्यंत हवेतून कार्बन घेत राहते. ते मेले की आवक थांबते आणि साठलेला कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडात मूळच्या सुमारे ७० टक्के कार्बन-१४ शिल्लक असतो. वरच्या वर्गातल्या मुलांना हे गणित फळ्यावर करून दाखवता येईल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत साठच्या दशकात या मापनाची प्रयोगशाळा सुरू झाली. पुढे ते काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले. विश्वकिरणांचा अभ्यास करणाऱ्या भौतिकीकडून इतिहासाला मिळालेली ही भेट आहे.

पूर्व जोर्वे काळातले इनामगाव बऱ्यापैकी नांदते होते. घरे चौकोनी, प्रशस्त, ठेंगण्या मातीच्या भिंतींवर कुडाची. ती ओळीने बांधलेली होती. गावात पाण्याचा पाट आणि बांध होता. धान्य साठवायला पेवे आणि कणग्या होत्या. खड्ड्यांतली माती पाण्यात कालवली की जळलेले दाणे वर तरंगतात. ते गोळा करून एम. डी. काजळे यांनी ओळखले. मुख्य पीक सातूचे, त्याशिवाय गहू, मसूर, कुळीथ अशी धान्ये. हाडांवरून गाईबैल, शेळ्यामेंढ्या आणि शिकार केलेली जनावरे कळली.

उत्तर जोर्वे काळात चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. मडक्यांची घडण ओबडधोबड होते. शेतीचा आधार कमी होऊन शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांचे महत्त्व वाढते. महाराष्ट्रातली बहुतेक जोर्वे गावे इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास ओस पडली. इनामगाव आणखी तीनशे वर्षे कसेबसे तगले आणि मग तेही संपले.

मडक्यांनी सांगितले ते

दफनांकडे संस्कृतीच्या अभ्यासकाने पाहिले तेव्हा त्याला काय दिसले? मोठी माणसे सरळ निजवून, डोके उत्तरेला करून घराच्या जमिनीतच पुरलेली होती. अनेकांची पावले घोट्याखाली नव्हती. मेलेल्या माणसाने घर सोडून जाऊ नये म्हणून ती तोडली असावीत, असा अर्थ उत्खनन करणाऱ्यांनी लावला. मुलांसाठी मात्र मडक्यांची जोडी. गावाच्या मध्यावर पाच खोल्यांचे एक घर होते आणि त्याला धान्याचे कोठारही होते. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या रांजणात एक माणूस मांडी घातलेल्या स्थितीत पुरलेला मिळाला. तो गावाचा प्रमुख असावा, असे अनुमान निघाले.

यात ‘मिळाला’ हे निरीक्षण आहे आणि ‘असावा’ हे अनुमान आहे. जोर्वे लोकांनी लिहिलेली एक ओळही आपल्याकडे नाही. ते कोणती भाषा बोलत हेही मडक्यांवरून कळत नाही. तेव्हा अशा अनुमानांना आधार मिळतो तो आजच्या किंवा नजीकच्या काळातल्या चालीरीतींशी तुलना करून. आपल्याकडे अनेक समाजांत मोठ्यांचे दहन होते, पण तान्ह्या मुलाला पुरतात. तुलना उपयोगी आहे, पण तीन हजार वर्षांच्या अंतरावरून ती पुरावा ठरत नाही. वर्गात इतिहास शिकवताना हा फरक दाखवून देणे हे मला सनावळीइतकेच महत्त्वाचे वाटते.

गाव का बसले, यालाही त्या काळी एक उत्तर मिळाले होते. पाऊस कमी झाला, शेती बुडाली आणि लोक भटके झाले. राजस्थानातल्या सरोवरांच्या गाळातील परागकणांवर गुरदीप सिंग यांनी सत्तरच्या दशकात केलेल्या कामामुळे हवामान आणि संस्कृतींचा उदयास्त यांची सांगड घालण्याच्या विचाराला बळ मिळाले होते. शिरूर हा पर्जन्यछायेतला अवर्षणप्रवण तालुका. तिथे दुष्काळाने गाव उठले, हे उत्तर कोणालाही चटकन पटण्यासारखे आहे.

हाडांनी सांगितले ते

इनामगावच्या सांगाड्यांचा पहिला मोठा अभ्यास जॉन ल्यूकॅक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला आणि तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. उत्खननाचा मुख्य अहवाल १९८८ चा. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकी अभ्यासिकेने नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव इथल्या मुलांची हाडे पुन्हा तपासली. त्यांचा ग्रंथ २०११ साली आला. म्हणजे जी हाडे सत्तरच्या दशकात खणून काढली, ती काही दशकांनी वेगळ्या प्रश्नांसाठी पुन्हा उघडली गेली.

मेलेल्या मुलाचे आरोग्य कसे वाचतात? यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. दातांची वाढ बरीचशी ठरलेल्या वेळापत्रकाने होते. उपासमार झाली तरी ती फारशी मागे पडत नाही. म्हणून जबड्यातले तयार होत असलेले दात पाहून मुलाचे वय काढता येते. मांडीच्या हाडाची लांबी मात्र अन्न आणि आजार यांवर अवलंबून असते. दात म्हणतात वय दोन वर्षे आणि हाड म्हणते वाढ एका वर्षाची, तर ते मूल खुरटलेले होते. हाडाच्या भिंतीच्या जाडीवरून वजनाचाही अंदाज येतो. याखेरीज दातावरच्या कठीण आवरणात पडलेले खळगे किंवा रेघा, ते आवरण तयार होत असताना शरीरावर ताण आला होता हे सांगतात. आज अंगणवाडीत ताई मुलाची उंची आणि वजन वयाशी ताडून तक्ता भरतात. तत्त्व तेच आहे. फक्त इथे जन्मतारीख दात सांगतात.

या मोजमापांत उत्तर जोर्वे काळातल्या मुलांची वाढ आधीच्या काळातल्या मुलांपेक्षा खुंटलेली आणि अंगलट अधिक रोड आढळली. गोल झोपड्यांवरून पुरातत्त्वज्ञांनी ओळखलेली हलाखी मुलांच्या हाडांतही उतरली होती. इथपर्यंत दोन्ही शास्त्रे एकमेकांना दुजोरा देतात.

पण हाडांचा अभ्यासक एक अडचणही सांगतो. आपल्यासमोर आहेत ती मेलेली मुले. जी जगली ती मोठी होऊन गेली. त्यामुळे दफनातल्या मुलांवरून गावातल्या सर्व मुलांची प्रकृती ठरवणे धोक्याचे आहे. रुग्णालयातले रोगी मोजून शहराचे आरोग्य ठरवण्यासारखे ते होईल. १९९२ नंतर या प्रश्नावर जगभर बरीच चर्चा झाली. पूर्व जोर्वेतली मेलेली मुले आणि उत्तर जोर्वेतली मेलेली मुले यांची आपसांत तुलना केली, तर ही अडचण कमी होते. पूर्ण जात नाही.

मतभेद

आता गाव ओस पडण्याच्या कारणाकडे पुन्हा वळू. हवामानाचा पुरावाही दरम्यान बदलला होता. राजस्थानातले लुणकरणसर हे सरोवर हडप्पा संस्कृतीच्या भरभराटीच्या आधीच आटले होते, असे १९९९ साली नव्या कालमापनावरून दिसून आले. म्हणजे सरोवर आटणे आणि नगरे ओस पडणे यांची सरळ सांगड बसेना. २०१४ साली आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड दिसतात. एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. जोर्वे गावे ओस पडली ती सुमारे ३००० वर्षांपूर्वी, म्हणजे या दोहोंच्या मधल्या काळात. लोणार इनामगावपासून बरेच दूर आहे आणि एका सरोवरावरून घोड नदीच्या खोऱ्यातला पाऊस ठरत नाही, हे खरे. पण ‘पाऊस गेला, गाव गेले’ हे वाक्य आता पूर्वीइतक्या खात्रीने लिहिता येत नाही.

रॉबिन्स शुग यांचेही म्हणणे असेच आहे, की हवामानातल्या एकाच बदलावर सगळा भार टाकता येत नाही. प्रदेश मुळातच निमकोरडा होता. तिथे लोकांनी जमीन कशी कसली, तोंडे किती वाढली, अन्नाचे मार्ग कसे बदलले, या सगळ्याचा हिशेब मांडावा लागतो. आधीच्या संशोधकांनी मांडलेले चित्र यामुळे पुसले जात नाही. घरे लहान झाली, शेती आटली, मुले खुरटली, हे सर्व तसेच उभे आहे. बदलला तो कारणांचा हिशेब.

या मतभेदात काही मोलाचे आहे. आपले म्हणणे चुकीचे ठरू शकेल असा पुरावा प्रत्येक शास्त्राने स्वतःच्या रीतीने गोळा केला, म्हणून तो शक्य झाला. हाडांच्या अभ्यासकाने पुरातत्त्वज्ञाची कहाणी आधी मान्य करून मग हाडे मोजली असती, तर त्याला तीच कहाणी दिसली असती. बर्लिनमध्ये कवट्या मोजणाऱ्या तरुण इरावतीबाईंचा धडा इथेही लागू पडतो. शेजारच्या शास्त्राशी बोलावे, पण आपली मोजपट्टी त्याच्या हाती देऊ नये.

दुसरी गोष्ट साठवणीची. ज्यांनी सत्तरच्या दशकात इनामगावची इवलीशी हाडे नोंदी करून, खोक्यांत घालून जपली, त्यांना पुढे कोणत्या पद्धती निघतील हे माहीत असणे शक्य नव्हते. उत्खननात नक्षीदार मडके सगळेच जपतात. मुलाच्या बरगड्यांचे चुरे जपायला शिस्त लागते आणि संस्थेकडे जागा, माणसे आणि पैसा लागतो. पुढे जनुकशास्त्रही या दालनात आले. हरियाणातल्या राखीगढीच्या साठाहून अधिक नमुन्यांपैकी फक्त एका सांगाड्यातून वाचता येण्याजोगा डीएनए मिळाला आणि त्यावरचा निबंध २०१९ साली प्रसिद्ध झाला. आपल्या उष्ण हवेत डीएनए फार लवकर नष्ट होतो. साठांतला एक मिळण्यासाठी साठही जपलेले असावे लागतात. विद्याशाखा कमी करताना किंवा संग्रहालयाचा खर्च छाटताना हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही, कारण त्यातला लाभ पुढच्या पिढीच्या खात्यात जमा होणार असतो.

शिक्षकांना एक सुचवतो. आठवी-नववीच्या वर्गात इनामगावच्या त्या मडक्यांच्या जोडीचे चित्र फळ्यावर काढा. वर्गाचे पाच गट करा आणि प्रत्येक गटाला एक शास्त्र द्या: इतिहास, रसायन, वनस्पतिशास्त्र, आरोग्य, भूगोल. प्रत्येक गटाने या मडक्यांना विचारायचे तीन प्रश्न लिहावेत आणि त्यांचे उत्तर कशावरून मिळेल तेही लिहावे. मग गटांनी एकमेकांचे प्रश्न वाचावेत आणि दुसऱ्या गटाचे उत्तर आले तर आपले उत्तर बदलावे लागेल का, ते सांगावे. यासाठी दोन तास लागतील. मधे घंटा झाली, तर त्या दिवसापुरती ती न ऐकल्यासारखी करावी.